कुप्रथेच्या उच्चाटनासाठी गावांची एकजूट

दरवर्षी ६ फेब्रुवारी हा दिवस स्त्री-जननेंद्रिय विच्छेदनाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. कोणतेही वैद्यकीय कारण नसताना मुलींच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापण्याची ही प्रथा आहे. तिच्यामुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि प्रसूतीत गुंतागुंत उद्भवते. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया या यातनेतून गेलेल्या आहेत. २०२२ साली याच दिवशी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ही प्रथा स्त्रीच्या प्रतिष्ठेचा अवमान करणारी असल्याचे म्हटले होते.

पोटच्या मुलीवर माता असा प्रसंग का येऊ देतात, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्याचे उत्तर बहुधा विवाहसंबंधांत सापडते. आसपासची सर्व कुटुंबे प्रथा पाळत असताना एकानेच ती सोडली, तर त्या घरच्या मुलीला स्थळ मिळणे कठीण होते.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात या पेचातून वाट निघाली. तेथे १९९१ साली स्थापन झालेली 'तोस्तान' ही संस्था स्थानिक भाषांतून आरोग्य व मानवी हक्कांचे शिक्षण देते. या वर्गांतून जागृत झालेल्या मालिकुंडा बांबारा गावच्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी प्रथा सोडल्याचे जाहीर केले. त्यांना शेजाऱ्यांचा रोष सोसावा लागला. तेव्हा केर सिम्बारा गावचे वयोवृद्ध इमाम डेंबा दियावारा यांनी ओळखले की, जेथे सोयरीक जुळते ती सर्व गावे एकत्र आल्यावाचून हे टिकणार नाही. ते नात्यातील गावोगाव पायी फिरले. कोणालाही दोष न देता त्यांनी लोकांना बोलते केले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेरा गावांनी एकत्रित घोषणा केली. जानेवारी १९९९ मध्ये सेनेगलने कायद्यानेही बंदी घातली.

तरीही कार्य पूर्ण झालेले नाही. २०१९ साली सेनेगलमधील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे एकचतुर्थांश स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती.

ही प्रथा कोणा एका धर्माची नाही. आफ्रिकेत काही ठिकाणी ख्रिस्ती कुटुंबांतही ती आढळते. आपल्या मुंबईतील दाऊदी बोहरा समाजातही ती आहे आणि त्याच समाजातील स्त्रियांनी तिच्याविरुद्ध धैर्याने आवाज उठविला आहे. परक्याच्या निषेधापेक्षा आप्तांचा शब्द अधिक मानला जातो, हे डेंबा दियावारा यांच्या पायपिटीने दाखवून दिले. म्हणूनच या भगिनींचा उपहास न करता त्यांच्या पाठीशी उभे राहणे आम्हांला अगत्याचे वाटते.