राष्ट्रीय पात्रता, फुटबॉलमधील

एखाद्या फुटबॉलपटूस कोणत्या देशाच्या वतीने आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरता येईल, हे ठरविणाऱ्या नियमांस राष्ट्रीय पात्रतेचे नियम म्हणतात. जन्म, वंश वा निवास यांच्या आधारे एकाच खेळाडूचा संबंध दोन किंवा अधिक देशांशी पोहोचत असेल, तर त्यास दुहेरी पात्रता लाभते. हे नियम दोन ठिकाणी घडतात : आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) नियमावलीत आणि त्या त्या देशाच्या नागरिकत्वविषयक कायद्यात. दोहोंची व्याप्ती सारखी नसते. खेळाडूचे आजोबा वा आजी ज्या देशात जन्मली, त्या देशाशी त्याचे नाते महासंघ मान्य करतो. मात्र त्या देशाचे नागरिकत्व त्याच्यापाशी असावे लागते. भारताच्या बाबतीत ही दुसरी अटच कठीण ठरते. मुंबईतून परदेशी गेलेल्या गोमंतकीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील तरुण खेळाडूंची अडचण या तफावतीतून उद्‌भवते.

प्रारंभी महासंघाचे बंधन सैल होते. आल्फ्रेदो दी स्तेफानो हा अर्जेंटिना, कोलंबिया व स्पेन अशा तीन देशांकडून, तर फेरेन्त्स पुश्काश हा हंगेरी व स्पेन या दोन देशांकडून खेळला. १९६० नंतरच्या दशकात हे थांबले आणि एका देशाकडून खेळलेला खेळाडू त्याच देशाशी कायम बांधला जाऊ लागला. २००४ मध्ये नियम काहीसा शिथिल झाला : केवळ कुमार संघांतून खेळलेल्या दुहेरी नागरिकास वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत एकदा देश बदलण्याची मुभा मिळाली. २००९ मध्ये ही वयोमर्यादा काढून टाकण्यात आली. येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. विश्वचषक, खंडीय स्पर्धा व त्यांच्या पात्रता-फेऱ्या यांतील सामने ‘अधिकृत स्पर्धे’चे मानले जातात व बंधन निर्माण होते ते त्यांमुळे, मैत्रीपूर्ण सामन्याने, तो वरिष्ठ संघाचा असला तरीही, खेळाडू बांधला जात नाही. मुनीर अल् हद्दादी हा एकोणीस वर्षांचा असताना २०१४ मध्ये स्पेनकडून मॅसिडोनियाविरुद्ध यूरोपीय स्पर्धेच्या पात्रता-सामन्यात जेमतेम पंधरा मिनिटे खेळला आणि तेवढ्यामुळे मोरोक्कोचे दार त्यास अनेक वर्षे बंद झाले. २०२० मध्ये नियम पुन्हा बदलला. एकविसाव्या वर्षापूर्वी वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा अधिक सामने न खेळलेल्या, विश्वचषकाच्या वा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत न उतरलेल्या खेळाडूस शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षांनी देश बदलता येऊ लागला. त्यानंतर मुनीर मोरोक्कोकडून खेळला.

नियमांच्या या गुंतागुंतीचा भार पडतो तो मुख्यतः किशोरवयीन खेळाडूंवर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास कुमार संघाचे आमंत्रण येते, तेव्हा व्यावसायिक संघात आपण टिकू की नाही, हेही त्यास ठाऊक नसते. आमंत्रण देणारा देश बहुधा तो ज्या देशात वाढला तोच असतो. आजोबांच्या देशाकडून बोलावणे आले तर उशिराच येते.

मुंबईत फुटबॉल रुजला तो लष्करी पलटणी, रेल्वे, गिरण्या व मोठ्या कंपन्या यांच्या आश्रयाने. रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदान हे शहरातील फुटबॉलचे मुख्य केंद्र बनले. परळचे सेंट झेवियर्स मैदान स्थानिक सामन्यांसाठी वापरात राहिले. १९५० नंतरच्या दशकात टाटा, कॅल्टेक्स यांसारखे कंपन्यांचे संघ बलाढ्य होते. १९५८ चा रोव्हर्स करंडक कॅल्टेक्सने जिंकला. खेळाडूस संघाबरोबर नोकरीही मिळत असल्याने गोव्याहून येणाऱ्या तरुणांचा ओघ मुंबईकडे वाहिला. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ म्हणजे सामाईक वसतिगृहे होती व नवागतांची सोय तेथे होई. मुंबईने १९५४ मध्ये संतोष करंडक जिंकला, तो या भरभराटीच्या काळात.

गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या अंमलाखाली होता. त्यामुळे गोव्यात जन्मलेला व मुंबईत खेळणारा फुटबॉलपटू जन्माने पोर्तुगीज प्रदेशातला असे. भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास असून संविधानाच्या प्रारंभापूर्वी किमान पाच वर्षे येथे राहिलेल्या व्यक्तीसही नागरिक मानले. स्वतः व आईवडील गोव्यात जन्मलेल्या मुंबईकराच्या बाबतीत हा निवासाचाच आधार महत्त्वाचा होता. आसगाव येथे १९३२ मध्ये जन्मलेले नेव्हिल डिसूझा हे मुंबईच्या टाटा संघाचे आघाडीचे खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारताने तो सामना ४–२ असा जिंकला व स्पर्धेत चौथे स्थान मिळविले. कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको हेही टाटा संघाचेच. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक-विजेत्या भारतीय संघात ते होते. त्या काळी यांच्या पात्रतेचा प्रश्न कोणी उपस्थित केल्याचे दिसत नाही. गोवेकरांस सरसकट भारतीय नागरिकत्व देणारा आदेश १९६२ मध्ये निघाला.

अँग्लो-इंडियन समाजाची गोष्ट उलट दिशेची आहे. रेल्वे, तारखाते व जकात या खात्यांत या समाजाचा मोठा भरणा होता आणि परळ व लोअर परळ येथील रेल्वे कारखान्यांमुळे मध्य मुंबईत त्याची वस्ती होती. हॉकीप्रमाणे फुटबॉलमध्येही त्याने नाव कमावले. स्वातंत्र्यानंतर यांतील अनेक कुटुंबे ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे स्थलांतरित झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांची मोठी वसाहत झाली. १९५० नंतरच्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईतर्फे खेळलेले लिंकन ग्रोस्टेट हे याच समाजातले. त्यांच्या मुंबईत जन्मलेल्या कन्येचे तीन पुत्र पर्थ येथे जन्मले व तिघेही व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. थोरला ऱ्हीस विल्यम्स (जन्म १९८८) इंग्लंडमधील मिडल्झ्‌ब्रो संघात दाखल झाला. पितृकुलाच्या संबंधामुळे तो वेल्सच्या एकवीस वर्षांखालील संघाकडून खेळला आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघात गेला. मातृकुलाकडून भारताशीही त्याचे नाते होते. परंतु ते केवळ वंशावळीपुरते राहिले.

त्याचे कारण भारतीय कायद्यात आहे. संविधानाचा नववा अनुच्छेद व १९५५ चा नागरिकत्व अधिनियम यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही, आणि परदेशी नागरिकास भारतीय व्हावयाचे असल्यास मूळ नागरिकत्व सोडावे लागते. २००६ पासून देण्यात येऊ लागलेली ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ (ओसीआय) ही नोंदणी प्रवास व वास्तव्य यांची सोय करते. तिच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी ती मताधिकार देत नाही व राष्ट्रीय संघात स्थानही देत नाही. २००८ पर्यंत काही क्रीडाप्रकारांत याबाबत सैलपणा होता. अमेरिकन नागरिक असलेला प्रकाश अमृतराज डेव्हिस चषकात भारताकडून खेळला होता. २००८ च्या अखेरीस केंद्र शासनाने भारतीय पारपत्र असणाऱ्यासच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल असे ठरविले आणि २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे धोरण ग्राह्य मानले. ओसीआय नोंदणीस पाच वर्षे झालेल्या व अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीस नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. युरोपात खेळणाऱ्या वीस वर्षांच्या खेळाडूच्या दृष्टीने या बारा महिन्यांचा अर्थ उमेदीचा एक हंगाम सोडून देणे, असा होतो.

पुढची अडचण उपजीविकेची आहे. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूस कामाचा परवाना गुणपद्धतीने मिळतो व तीत त्याच्या राष्ट्रीय संघाचे जागतिक क्रमवारीतील स्थान विचारात घेतात. भारताचे स्थान बहुधा शंभराच्या पलीकडे राहिले आहे. ब्रिटिश पारपत्र परत करून भारताकडून खेळू पाहणाऱ्यास त्यामुळे इंग्लंडमधील नोकरीही गमवावी लागण्याचा संभव असतो. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या व इंग्लंडच्या कुमार संघांतून खेळलेल्या यान धंदाने भारताकडून खेळण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखविली होती. ती पारपत्रापाशी अडली.

हा मार्ग प्रथम पूर्ण केला तो इझुमी अराता याने. जपानमध्ये १९८२ साली जन्मलेल्या या खेळाडूचे वडील गुजराती व आई जपानी. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघातून व पुढे पुण्यातून तो परदेशी खेळाडू म्हणूनच खेळत होता. २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला व २०१३ मध्ये भारतीय संघात उतरला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती.

विल्यम्स बंधूंपैकी जुळ्या धाकट्यांचा (जन्म २८ ऑक्टोबर १९९३) ओढा अखेर भारताकडे वळला. आरिन आधी आला व मणिपूरच्या नेरोका संघातून आय-लीगमध्ये खेळला. रायनची सुरुवातीची वाटचाल मात्र थोरल्या भावासारखी इंग्लंडमध्ये झाली. किशोरवयात तो पोर्ट्‌स्मथ संघात गेला. तो संघ आर्थिक संकटात असताना जानेवारी २०१२ मध्ये तो फुलमकडे आला, आणि तेथून ऑक्सफर्ड युनायटेड, बार्न्झ्‌ली व रॉदरम या संघांतून खेळत राहिला. ऑस्ट्रेलियाच्या कुमार संघांत त्याची निवड होई. वरिष्ठ संघाकडून मात्र २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्धचा एकच सामना त्याच्या वाट्यास आला व तो मैत्रीपूर्ण होता. तो विश्वचषक-पात्रतेचा असता, तर पुढील सारा प्रकार अशक्य झाला असता, कारण तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. २०२३ मध्ये तो बंगळूर संघात दाखल झाला. ऑस्ट्रेलिया २००२ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य करते. तरीही भारतीय कायद्यामुळे त्यास तेथील नागरिकत्व सोडावे लागले. २०२५ मध्ये तो भारतीय नागरिक झाला. त्या वर्षी १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशाविरुद्ध होणाऱ्या सामन्यासाठी तो संघाबरोबर गेला, परंतु कागदपत्रे पूर्ण न झाल्याने मैदानात उतरू शकला नाही. महासंघाची मान्यता त्यानंतर मिळाली.

त्या सामन्यात बांगलादेशाकडून हमजा चौधरी खेळत होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला व त्या देशाच्या एकवीस वर्षांखालील संघातून खेळलेला हा खेळाडू ब्रिटिश नागरिकत्व न सोडता बांगलादेशी झालेला आहे. भारत तो सामना ०–१ असा हरला. एका खेळाडूमुळे सामन्याचा निकाल लागला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि शेजारच्या देशाचा कायदा सैल असल्याने त्यास ऐन भरातला खेळाडू मिळाला व भारतास बत्तीस वर्षांच्या खेळाडूसाठीही थांबावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न अर्थात फुटबॉलपेक्षा पुष्कळ मोठा आहे व केवळ खेळासाठी तो सुटण्याची अपेक्षा करता येत नाही.

खुद्द मुंबईत या कायद्याची दुसरी बाजू दिसते. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, आणि यूरोपात काम मिळविण्यासाठी अनेक गोमंतकीय कुटुंबे ती करून घेतात. त्यांतील एखादा मुलगा कूपरेजवर वाढलेला असला, तरी ते पारपत्र स्वेच्छेने घेताच त्याचे भारतीय नागरिकत्व व त्याबरोबर भारतीय संघातील पात्रता संपते. पोर्तुगालच्या संघासाठी तो पात्र ठरतो. तेथे त्याची निवड होण्याचा संभव किती, हे निराळे सांगावयास नको.