परवाना कोणाचा, यंत्र कोणाचे?



आजचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे आपण जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, बदलताना परवान्याचे काय होते, हा तो विषय. परंतु आज ज्या घरात संगणक आहे त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच; आणि तो येतो तेव्हा बहुधा खिशाला चाट देऊन जातो.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. त्यांनी चांगल्या कंपनीचा लॅपटॉप रीतसर पावती घेऊन विकत घेतला. कार्यप्रणाली त्यात कारखान्यातूनच आलेली. चार वर्षांनी, हमीची मुदत संपल्यावर, एका पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि मदरबोर्ड जळाला. दुकानदाराने दुसरा बोर्ड बसवून दिला, यंत्र सुरू झाले. पण पडद्याच्या कोपऱ्यात ‘परवाना पडताळून घ्या’ अशी सूचना येऊन बसली. दुकानदार म्हणाला, “पाचशे रुपये द्या, की टाकून देतो.” ती किल्ली पाच-सहा महिने चालली आणि नंतर रद्द झाली. गुरुजी मला म्हणाले, “मी एकच वस्तू तीनदा का विकत घ्यावी?”

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘वस्तू’ या शब्दातच अडकलेले आहे. गुरुजींनी लॅपटॉप ही वस्तू घेतली होती. तिच्यातील कार्यप्रणाली त्यांनी वस्तू म्हणून घेतलीच नव्हती. त्यांनी घेतली होती ती एक परवानगी, आणि तीही अटींची.

ही परवानगीची कल्पना आली कोठून? आरंभी संगणक म्हणजे अवजड यंत्र, आणि त्याला चालविणाऱ्या आज्ञावल्या यंत्राच्या किंमतीतच मिळत. आयबीएम कंपनीने २३ जून १९६९ रोजी आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. पुढे घरगुती संगणक आले. अल्टेअर नावाच्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार करणाऱ्या बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना एक जाहीर पत्र लिहिले. अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी आमची आज्ञावली विकत घेतली, बाकीचे नक्कल करून वापरतात, अशी त्यात तक्रार होती. लाकडी खुर्चीची नक्कल करावयाची तर लाकूड आणि सुतार लागतो. आज्ञावलीच्या नकलेला काहीच लागत नाही. नक्कल मूळ प्रतीइतकीच चांगली चालते. या एका गुणातून पुढचे सारे रामायण घडले.

आपल्या देशातील कायदाही याच वाटेने गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र शिक्षापात्र गुन्हा ठरविला. त्याच कायद्याने रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट झाल्यास हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत करून ठेवण्याची मुभाही दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तबकडीवर भरून विकलेले सॉफ्टवेअर विक्रीकरापुरते ‘माल’ होय असे म्हटले. आणि २०२१ साली इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या खटल्यात, असा माल घेणाऱ्याला त्यातील लेखकाचा हक्क मिळत नाही, केवळ वापर मिळतो, हेही स्पष्ट केले. ग्रंथ विकत घेतला म्हणून तो छापून विकण्याचा अधिकार येत नाही, तसेच हे.

येथपर्यंत कोणाचे फारसे दुमत होणार नाही. मतभेदाची जागा पुढे आहे. परवानगी दिली, ती पाळली जाते की नाही हे पाहावयाचे कसे? मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आणली आणि तिच्याबरोबर ॲक्टिव्हेशनची पद्धत घरोघर पोचली. तिचे कार्य असे चालते. आपण पंचवीस अक्षरांची किल्ली टंकतो. या अक्षरांतून शून्य आणि ओ, एक आणि आय अशी फसवी जोडपी मुद्दाम वगळलेली असतात. मग आज्ञावली आपल्या यंत्रातील प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या खुणा गोळा करते आणि त्यांपासून एक संख्या बनविते. ही संख्या म्हणजे त्या यंत्राच्या अंगठ्याचा ठसा. किल्ली आणि ठसा ही जोडी कंपनीच्या दप्तरी नोंदविली जाते. तीच किल्ली उद्या निराळ्या ठशासह आली, तर कंपनीचा संगणक विचारतो, ‘हे दुसरे यंत्र कोठले?’ एक्सपीच्या काळी ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते ते पन्नास आकडी क्रमांक दूरध्वनीवर वाचून दाखवीत आणि उत्तरादाखल आलेले आकडे टंकून घेत.

एखादा भाग बदलला तर ठसा थोडा बदलतो, आणि तेवढे चालते. स्मरणशक्ती वाढविली, म्हणजे रॅम घातली, म्हणून सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला म्हणजे मात्र यंत्राचा पिंडच बदलला असे धरले जाते.

आता परवान्यांचे प्रकार पाहू. कारण गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पहिला प्रकार यंत्राबरोबर येणारा. शेत विकले की विहिरीतला पाण्याचा हिस्सा शेताबरोबर जातो. तो तोडून शेजारच्या गावी नेता येत नाही. हा परवाना तसा यंत्राला बांधलेला असतो. पूर्वी त्याची किल्ली यंत्राच्या पाठीवर चिकटविलेली असे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कारखानदार ती मदरबोर्डावरील स्मृतीतच कोरून ठेवू लागले. म्हणजे गुरुजींचा जुना बोर्ड भंगारात गेला तेव्हा त्यांची किल्लीही भंगारात गेली! हमीच्या मुदतीत सदोष बोर्ड बदलून मिळाला तर परवाना टिकतो. एरवी नव्या बोर्डाचे यंत्र नवे समजले जाते. दुसरा प्रकार स्वतंत्रपणे विकत घेतलेला, ज्याला किरकोळ विक्रीचा म्हणतात. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. तिसरा प्रकार संस्थांना घाऊक मिळणारा. तो सरकारी क्वार्टरसारखा आहे: नोकरी आहे तोवर राहावे, सुटली की किल्ली परत. यातील एका पद्धतीत संस्थेच्या यंत्राला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते.

बाजारात पाचशे रुपयांत मिळणारी ‘ओरिजिनल की’ ही बहुधा या तिसऱ्या प्रकारातून गळालेली, किंवा मोडीत काढलेल्या यंत्रांवरून उचललेली असते. ती आज चालते म्हणून वैध ठरत नाही. ॲक्टिव्हेशन ही केवळ पडताळणी आहे, मालकीचा पुरावा नव्हे. चोरीच्या पासावर फाटकातून सोडले म्हणून प्रवास रीतसर होत नाही. आणि ‘परवाना मोडून देणारी’ जी छोटी आज्ञावली कोणी पेन ड्राइव्हवर आणून देतो, तिला आपण आपल्या यंत्राची सारी कवाडे उघडून देत असतो, हे विसरू नये.

आता कार्यप्रणाली बदलण्याच्या वेळेकडे वळू. या वेळी तीन प्रश्न उभे राहतात, आणि ते एकमेकांत मिसळले की दुकानदाराचे फावते. नव्या आवृत्तीचा परवाना मला आहे काय? माझे यंत्र तिला पेलेल काय? आणि जुनीवरच राहिलो तर काय होईल?

विंडोज १० वरून ११ वर जाण्याचेच उदाहरण घ्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: ज्या यंत्रावर विंडोज १० चा रीतसर परवाना आहे आणि जे यंत्र पात्र आहे, त्याला ११ साठी नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. जुना डिजिटल परवानाच पुढे चालतो. अट एवढीच की आवृत्तीचा प्रकार तोच हवा. होमचा होम, प्रोचा प्रो. आपल्याकडे पुष्कळ लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते; त्यावर कोणी प्रो चढवून दिली तर पडताळणी होणार नाही आणि दोष मात्र परवान्याच्या माथी जाईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे परवाना खणखणीत, पण यंत्र अपात्र, अशी स्थिती होऊ शकते; आणि तेथे नवी किल्ली विकत घेऊन काडीचाही उपयोग नाही. तिसरा प्रश्न: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी यंत्रे बंद पडली नाहीत, परवाने रद्द झाले नाहीत. फक्त सुरक्षेची डागडुजी थांबली. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केल्यास ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळेल, अशी सोय कंपनीने जाहीर केली होती. छप्पर उभे आहे, पण गळती काढणारा आता येत नाही, असा आधार संपण्याचा अर्थ.

म्हणून बदल करण्यापूर्वी चार कामे करावीत. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन आवृत्ती कोणती आणि परवाना मान्य झाला आहे की नाही, हे वहीत लिहून ठेवावे. तो परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा. मोठा भाग बदलल्यावर, परवाना हलविण्यास मुभा असेल तर, याच खात्यावरून तो पुन्हा लागू करता येतो. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची राखीव प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. आणि नवी आवृत्ती मानवली नाही तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते, हे ध्यानात ठेवावे. दुकानात यंत्र देताना एकच वाक्य बोलावे: “परवाना कोणत्या प्रकारचा, ते पावतीवर लिहून द्या.” जो हे लिहून देत नाही, त्याच्याकडून किल्ली घेऊ नये.

ज्याला हा व्यवहारच नको, त्याला दुसरा मार्ग आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. तेथेही परवाना आहेच, पण तो नक्कल करण्यास बंदी करीत नाही, उलट तिची मुभा देतो. आणि पडताळणीची किल्लीच नसते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्सप्रणाली तयार केली आहे. विंडोज ११ ला अपात्र ठरलेली कितीतरी यंत्रे लिनक्सवर सुखाने चालतात. मात्र तेथे सवय बदलण्याची किंमत मोजावी लागते, हे सांगितले पाहिजे.

कंपनीची बाजू खोटी नाही. लिहिणाऱ्याला श्रमाचे मोल मिळावयास हवे, आणि जी वस्तू फुंकरीसरशी दुणावते तिला कुंपण घालण्याची इच्छा समजण्याजोगी आहे. परंतु ग्राहकाचीही बाजू आहे. अट जर एवढी मोठी, की एक बोर्ड जळताच घेतलेला हक्क जळावा, तर ती अट विकतेवेळी ठळक अक्षरांत आणि त्याच्या भाषेत सांगितली पाहिजे. ‘मान्य आहे’ असे बटण दाबणे म्हणजे समजून घेऊन संमती देणे नव्हे.

गुरुजींनी अखेर काय केले? त्यांनी स्वतंत्र, हलविता येणारा परवाना पावतीसह घेतला, आणि ती पावती घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवली. मला म्हणाले, “आता मी काय घेतले आहे ते मला ठाऊक आहे.” संगणक घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य खरेदीच्या दिवशीच म्हणता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.