मुतखडा आणि युरिया : विकर एकच, परिणाम दोन

ओलसर जमिनीवर युरिया फेकून दिला आणि तो मातीआड केला नाही, तर त्यातील बराच नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. हे घडवून आणते युरिएज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम. जमिनीतील अनेक जिवाणू ते तयार करतात. हेच विकर तयार करणारे काही जिवाणू मूत्रमार्गात शिरले, तर तिथे मुतखडा तयार होऊ शकतो. दोन्हीकडची रासायनिक क्रिया एकच आहे.

खडा कसा बनतो?

लघवीत युरिया भरपूर असतो. माणसाच्या लघवीचा सामू साधारण ६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. या सामूला मॅग्नेशियम आणि फॉस्फेट विरघळलेले राहतात. युरिएज युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनियामुळे सामू वाढतो. तो ७.२ च्या वर गेला, की मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन स्फटिक तयार होतात. या क्षाराला स्ट्रुव्हाइट म्हणतात. सोबत कॅल्शियम फॉस्फेटही साचते.

ठिबक वापरणाऱ्यांना हे लवकर समजेल. मॅग्नेशियम सल्फेट आणि १२:६१:०० ही खते एकाच टाकीत मिसळू नका, असे सांगितले जाते. पाण्याचा सामू जास्त असेल तर त्यातून हाच क्षार साक्याच्या रूपात खाली बसतो आणि ड्रीपर चोंदतात.

कोणते जिवाणू?

यात प्रोटियस मिराबिलिस हा प्रमुख आहे. क्लेबसिएलाच्या काही जातीही युरिएज तयार करतात. मूत्रमार्गाच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय मात्र सहसा युरिएज तयार करत नाही. त्यामुळे प्रत्येक संसर्गातून खडा होत नाही. तसेच प्रत्येक खडा संसर्गाचा नसतो. बहुतांश मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. उन्हात काम करताना पाणी कमी पिणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

हा खडा वेगळा का?

- तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने वाढतो. कधी कधी हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटून मूत्रपिंडाची पोकळी व्यापतो.
- जिवाणू खड्याच्या आतच दडून राहतात. प्रतिजैविक तिथे नीट पोहोचत नाही. खडा पूर्ण काढल्याशिवाय संसर्ग पुन्हा पुन्हा उलटतो.
- स्त्रियांमध्ये आणि दीर्घकाळ लघवीची नळी बसवलेल्या रुग्णांमध्ये तो जास्त आढळतो.

कंबरेच्या बाजूला दुखत असेल आणि थंडी वाजून ताप येत असेल, तर काढे घेत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचे कल्चर करून घ्या. खडा पडला किंवा काढला, तर तो फेकू नका, तपासणीला द्या. खडा कशाचा आहे यावर पुढचा उपचार ठरतो.

जनावरांचे काय?

बोकड आणि बैलांमध्ये खड्याचे मुख्य कारण बहुधा जिवाणू नसून आहार असतो. धान्य व कोंडा जास्त दिल्यास स्फुरद वाढतो आणि खडे होतात. आहारात कॅल्शियम व स्फुरदाचे प्रमाण २:१ ठेवावे, मुबलक स्वच्छ पाणी द्यावे. लघवी तुंबल्यास त्वरित पशुवैद्यकांना बोलवावे.

शेतात काय करावे?

- युरिया पेरून मातीआड करावा किंवा दिल्यानंतर लगेच पाणी द्यावे.
- कडुनिंबाचे आवरण मुख्यतः अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते. ते युरिएजला थांबवत नाही. म्हणून निमकोटेड युरियाही उघड्यावर टाकू नये.
- शेणात युरिएज असणारे जिवाणू भरपूर असतात. गोठ्यात शेण आणि मूत्र एकत्र साचले की नत्र उडू लागतो. म्हणून गोमूत्र वेगळ्या नालीने झाकलेल्या टाकीत घ्यावे. गोठ्यात अमोनियाचा उग्र वास येत असेल, तर तेवढे नत्र वाया जात आहे असे समजावे.