न पाहिलेल्या गावाची मुले

मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबईतच वाढलेल्या माणसाला 'तुमचे गाव कोणते?' असे विचारले, तर तो परळ किंवा गिरगाव सांगत नाही. राजापूर, चिपळूण किंवा पाटण सांगतो. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. लेबनॉनमधील पॅलेस्टिनी निर्वासित छावणीतल्या बारा वर्षांच्या मुलाला हाच प्रश्न विचारला, तर तोही याच रीतीने उत्तर देतो: सफ्सफ, सफ्फूरिया, तरशीहा. आपला मुंबईकर गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाऊन येतो. या मुलाने मात्र ते गाव पाहिलेले नाही, आणि त्याच्या आईवडिलांनीही पाहिलेले नाही.

हा लेख त्या मुलाला उन्हाळ्यात भेटायला येणाऱ्या दुसऱ्या मुलांविषयी आहे. ही मुले सोळा ते वीस वर्षांची, पॅलेस्टिनी वंशाची, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा चिलीसारख्या देशांत वाढलेली असतात. सुट्टीतले काही आठवडे ती छावण्यांमध्ये स्वयंसेवक म्हणून काढतात. इंग्रजी शिकवतात, खेळ घेतात, नाटक बसवतात. अशा उपक्रमांना सहसा सेवाकार्य म्हटले जाते. त्यांविषयी वाचत गेलो तसे माझे मत झाले, की ही मुळात देवघेव आहे. आणि देवघेव थांबून नुसते देणे उरते, तिथे उपक्रम बिघडतो.

मी विद्यापीठातला संशोधक नाही. ग्रंथालयात हाती लागेल ते वाचत, टिपणे काढत शिकलो. या विषयाकडे आलो तो कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या वाटेने. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवणाऱ्या या समाजाची कुटुंबे जिथे स्थायिक झाली, त्यांत लोद आणि रामला ही शहरे आहेत. जुलै १९४८मध्ये याच दोन शहरांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना बाहेर काढले गेले. त्यांतली काही कुटुंबे रामल्लाजवळच्या अमारी छावणीत गेली. ज्या शहरात पुढे मराठी बोलली गेली, त्याच शहराचे नाव अमारीतली मुले आपले गाव म्हणून सांगतात, हे कळल्यावर मला तो विषय सोडवेना.

थोडा हिशेब मांडतो. १९४८च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ८ डिसेंबर १९४९च्या ठरावाने 'उनर्वा' ही मदतसंस्था स्थापन केली आणि १ मे १९५०पासून तिचे काम सुरू झाले. आज तिच्याकडे नोंदलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे ५९ लाख आहे. मान्यताप्राप्त छावण्या ५८: वेस्ट बँकमध्ये १९, लेबनॉनमध्ये १२, जॉर्डनमध्ये १०, सीरियात ९ आणि गाझात ८. तंबू केव्हाच गेले. त्यांच्या जागी सिमेंटच्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती उभ्या राहिल्या.

परदेशी पांगलेले सगळेच १९४८चे निर्वासित नाहीत. चिलीतला पॅलेस्टिनी समाज अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा मानला जातो. त्यांचे पूर्वज बेथलहेम, बेत जाला, बेत साहूर या गावांतून तुर्की अमलाच्या अखेरीस निघाले. त्यांनी स्थापलेला 'पालेस्तिनो' फुटबॉल क्लब १९२०चा आहे. म्हणजे त्याच भूमीची काही नातवंडे स्पॅनिश बोलत मोठी झाली, काही इंग्रजी, आणि काही छावणीतली अरबी.

आता देवघेव काय असते ते पाहू. लेबनॉनच्या शाळांत गणित आणि विज्ञान अरबीत शिकवत नाहीत. इंग्रजी किंवा फ्रेंचमधून शिकवतात. उनर्वाच्या शाळांत ही भाषा बहुतांशी इंग्रजी असते. नववीच्या शेवटी 'ब्रेव्हे' ही सरकारी परीक्षा असायची. घरी कुणालाच इंग्रजी येत नाही अशा मुलाला भूमितीचा प्रश्न सुटतो, पण तो वाचता येत नाही. पुढची वाट आधीच अरुंद आहे. लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींना अनेक व्यवसाय बंद आहेत आणि २००१च्या कायद्याने स्थावर मालमत्ता घेण्याचीही बंदी आली. म्हणून उन्हाळ्यातल्या त्या चार-सहा आठवड्यांच्या इंग्रजीला किंमत आहे.

उलट, मिशिगन किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मुलीला इंग्रजी फाडफाड येते. आजीची अरबी अर्धीच कळते. ती छावणीत आली, की तिला पुस्तकात नसलेली भाषा ऐकू येते. पॅलेस्टिनच्या खेड्यांत 'क'चा 'च' होतो आणि घशातल्या 'क'चा साधा 'क' होतो. हृदयाला म्हणायचे 'कल्ब' आणि कुत्र्याला 'चल्ब'. ही बोली अनेक घरांतून टिकली, कारण सुरुवातीला गावेच्या गावे एकत्र राहिली. ऐन अल-हिलवे छावणीतल्या वस्त्यांना सफ्सफ, सफ्फूरिया अशी मूळ गावांचीच नावे आहेत. लालबागच्या चाळीत मालवणी टिकली तसेच हे. इतिहासकार वालिद खालिदी यांनी १९९२च्या ग्रंथात उजाड झालेल्या ४१८ खेड्यांची नोंद केली आहे. त्या ग्रंथात सापडलेले आपले गाव त्या मुलीला इथे बोलताना भेटते. ती इंग्रजी देते आणि आजीची भाषा घेऊन जाते.

पण या दोघांच्या मध्ये एक पासपोर्ट असतो. परदेशी पासपोर्टवर आलेल्या मुलीची सीमेवर तासन्‌तास चौकशी होते, कधी तिला परतही पाठवतात; तरी आजोबांच्या गावाची जागा पाहून येण्याची शक्यता तिला असते. त्या गावापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या छावणीतल्या मुलाला ती नाही. माई मस्री यांच्या २००१च्या 'फ्रंटिअर्स ऑफ ड्रीम्स अँड फिअर्स' या माहितीपटात शातिला आणि देहेशा या दोन छावण्यांतली मुले पत्रे आणि ई-मेल यांतून एकमेकांना ओळखतात. मे २०००मध्ये इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमधून मागे गेल्यावर ती सीमेवर भेटतात, काटेरी तारांच्या दोन बाजूंना उभी राहून.

अशा उपक्रमांवर होणारी टीका इथूनच निघते, आणि ती खोटी नाही. पाहुणा ऑगस्टमध्ये घरी जातो. दर वर्षी नवा चेहरा येतो, जीव लावतो, निघून जातो. छावणीतल्या मुलाचे दुःख पाहुण्याच्या विद्यापीठ-अर्जातला परिच्छेद होते. छायाचित्रे न विचारता काढली जातात.

ज्या ठिकाणी हे टळते, तिथे काय वेगळे असते? काय शिकवायचे ते छावणीतली संस्था ठरवते. बेथलहेमजवळच्या देहेशात 'इब्दा' आणि आयदा छावणीत 'लाजी' ही केंद्रे तिथल्याच लोकांनी उभी केली आहेत. 'लाजी' या शब्दाचा अर्थच निर्वासित. अशा केंद्रांत पाहुणा हा हाताखालचा माणूस असतो. वर्गात स्थानिक शिक्षक असतोच, त्यामुळे पाहुणा गेल्यावर वर्ग मोडत नाही. स्वयंसेवक त्याच छावणीत पुन्हा येतो. आणि छावणीतल्या मुलालाही शिकवण्याचे काम मिळते: दबके नाचाची पावले, बोली, गल्ल्यांचा नकाशा. ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे, त्याच्याकडे कुणी कीव करून पाहत नाही.

सध्या हा पायाच डळमळला आहे. ऑक्टोबर २०२३नंतर गाझातल्या आठही छावण्या युद्धात सापडल्या. इस्रायली संसदेने ऑक्टोबर २०२४मध्ये उनर्वाविरुद्ध केलेले कायदे जानेवारी २०२५अखेर अमलात आले. त्याच सुमारास वेस्ट बँकच्या उत्तरेकडील जेनिन, तुलकर्म आणि नूर शम्स या छावण्या लष्करी कारवाईत रिकाम्या झाल्या. उनर्वाच्या म्हणण्यानुसार सुमारे चाळीस हजार लोक पुन्हा विस्थापित झाले. ज्यांच्या आजोबांनी गाव गमावले, त्यांनी आता छावणी गमावली.

अशा वेळी उन्हाळी इंग्रजीच्या वर्गाने काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याने ना घर परत मिळते, ना सीमा उघडते. पण गाव माहीत असणारी पहिली पिढी आता जवळजवळ संपली आहे. पुढे ते नाव कुणी सांगायचे, हे पुढची पिढी एकमेकांना ओळखते की नाही यावर ठरेल. सांतियागोतला नातू आणि शातिलातली नात भेटलेच नाहीत, तर प्रत्येकाजवळ त्या गावाचा एकेक तुकडाच राहील. वर्ग संपल्यावर जिन्यावर बसून ती दोघे एकमेकांना 'तुझे गाव कोणते?' असे विचारू शकली, तर त्या उन्हाळ्याचे काम झाले असे मी म्हणेन.