दुखणं नेकचं, कानस सॅडलला

जुन्या अकूस्टिक गिटारच्या तारा फ्रेटपासून उंच गेल्या, बोटं दुखायला लागली, की सल्ला ठरलेला: 'ट्रस रॉड आवळून घे.' गिटार १९६०च्या दशकातली मार्टिन असेल, तर आवळायचा नट शोधूनही सापडणार नाही. मार्टिनने फिरवता येणारा ट्रस रॉड १९८५मध्ये आणला. त्याआधी नेकमध्ये पोलाद असलं तरी ते नुसतं आधाराला. याउलट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूंना अशा रॉडचं पेटंट १९२३मध्येच मिळालं होतं. त्यामुळे गिटार कुणाची आणि केव्हाची, हे आधी बघायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

बरं, रॉड असला तरी त्याचं काम वेगळं आहे. तारांच्या ताणाने नेकला येणारा बाक कमीजास्त करणं, एवढंच. एक तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. मधल्या फ्रेटवर ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट दिसली की बाक ठीक. आणि तरीही बाराव्या फ्रेटवर जाडी तार ४ मिलिमीटर उंच असेल, तर रॉड आवळणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोष बहुधा नेक आणि बॉडीच्या कोनात असतो. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सहज ७० किलोंच्या वर जातो. तो वर्षानुवर्षं सोसून बॉडीचा नेकजवळचा भाग मुडपतो आणि नेक पुढे कलतो. तारा सुरात लावून एक लांब, सरळ पट्टी फ्रेटच्या माथ्यांवर ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या लाकडाला वरून चाटून गेलं तर कोन शाबूत. समोरून ब्रिजला धडकलं तर नेक उतरवून पुन्हा बसवावा लागणार.

इथे हमखास ऐकू येतं, 'एवढं कशाला, सॅडल घासून भागेल.' सॅडल म्हणजे ब्रिजवर बसवलेला, तारा टेकतात तो तुकडा. हिशेब करून बघू. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून सॅडल १ मिलिमीटर घासलं की तिथे तार अर्धाच मिलिमीटर उतरते. ४वरून २.५वर यायचं तर सॅडल ३ मिलिमीटर घासायला हवं, आणि पुष्कळ जुन्या गिटारींत तेवढं सॅडल ब्रिजबाहेर उरलेलंच नसतं. मग ब्रिजवरच रंधा फिरतो. याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मूळ ब्रिज जातो, सॅडलवर तारांचा दाब कमी होऊन आवाज पडतो, आणि कोन बिघडलेला तो बिघडलेलाच.

नेक उतरवायचा म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. पण मार्टिन-गिब्सनच्या जुन्या गिटारींत हा सांधा डव्हटेलचा आणि सरसाने जोडलेला. सुटू शकेल असाच. चौदाव्या फ्रेटशी बॉडी सुरू होत असेल, तर कारागीर पंधरावा फ्रेट उपटतो, त्याच्या खाचेत बारीक छिद्र पाडतो आणि सुईतून वाफ सोडतो. सरस मऊ पडला की नेक सुटतो. मग नेकच्या टाचेला खालच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर तासायचं आणि वर येताना ते शून्यावर आणायचं. एवढ्यानेच वरचा ३ मिलिमीटरचा हिशेब जुळतो. फ्रेट, नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या खाचा आणि सॅडल यांचं काम त्यानंतर, याच क्रमाने.

'सरस जुनाट झाला, आता चांगले गोंद मिळतात' हाही असाच समज. सुतारी पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि त्याचा अंश राहिला तर पुढे सरस तिथे धरत नाही. इपॉक्सीने जोडलेला नेक उतरवणं तर शिक्षाच. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, आणि नवा सरस जुन्यावर बसतो.

ब्रिजमागे पोट सुटलं म्हणजे गिटार गेली, असंही नाही. वरची फळी मुळातच किंचित फुगीर बांधतात. टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून फळीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या सुटल्यात का ते पाहावं. बोटाच्या पेराने ठोकल्यावर खडखडलं तर शंका घ्यावी.

भेगाळलेलं पॉलिश खरवडून नवं चढवणं हा मात्र शुद्ध तोटा. लॅकरवरचं ते जाळं वयाचं असतं, आणि मूळ पॉलिश गेलं की गिटारची किंमत घसरते. फ्रेटबोर्डला खोबरेल तेलही नको. ते वाळत नाही, धूळ धरतं.

राहिलं हवामान. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात फळी ओल पिऊन फुगते, तारा वर येतात, आणि लोक जुलैतच सॅडल घासून घेतात. तीच गिटार मे महिन्यात नागपूरला नेली की फळी आकसते, तारा खाली येऊन फ्रेटवर झणझणतात. म्हणून पावसाळ्यात सॅडलला कानस लावण्याआधी गिटार आठवडाभर केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी, आणि मग पुन्हा मोजावं.