पार्श्वसंगीत थांबतं तेव्हा

इअरफोन लावलेत ना? आज त्यांचंच काम आहे.

'सैराट' मी पहिल्यांदा मोबाईलवर पाहिला. शेवटच्या दृश्यात आवाज गेला आणि मी इअरफोनची वायर हलवून बघितली. वाटलं, गेले हे पण! मग कळलं, बिघडलेलं काहीच नाही. नागराज मंजुळेंनी आवाज मुद्दाम काढून घेतलाय. (सिनेमा पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा. शेवट फुटेल.)

आठवून बघा. सुरुवातीला अजय-अतुलचं संगीत आपल्याला उचलूनच नेतं. त्यातली सिम्फनी थेट लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झालेली. पण चारही गाणी आर्ची-परश्या पळून जायच्या आधीच संपतात. हैदराबादला पोचल्यावर आजूबाजूला तेलुगू. अख्ख्या गावाला गप्प करणारी आर्ची तिथे सुरुवातीला मुकीच होते, कारण तिची भाषाच चालत नाही. आणि शेवटी त्यांचं लेकरू रडतं, तेही आपल्याला ऐकू येत नाही. तिथे करुण व्हायोलिन वाजलं असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो. ते वाजत नाही, म्हणून मोकळं होताच येत नाही.

ही युक्ती आजची नाही बरं का. 1931 च्या 'आलम आरा'पासून आपल्याकडे बोलपट म्हणजे गाणी, हे समीकरणच झालं होतं. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1937 मध्ये, प्रभातच्या 'कुंकू'त व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायला नकार देते. भूमिका शांता आपटेंची. सिनेमात गाणी आहेत, पण प्रसंगाखाली वाजणारा वाद्यवृंद नाही. ऐकू येतात ते घरातले आवाज, घड्याळाचे ठोके. 'आता हिची कीव करा' असं सांगायला कुणी नाही. आपणही त्या घरात तिच्यासोबत अडकतो.

हे सगळं आज का सांगतोय? कारण मागच्या आठवड्यात मी माती खाल्ली.

पॉडकास्टसाठी आजीला विचारलं होतं, "शाळा का सोडलीस गं?" ती अकरा सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, "सोडवली." एडिटिंग करताना मी ती शांतता कापली आणि खाली बासरी टाकली. ऐकलं तर आजी पटकन उत्तर देऊन मोकळी झाल्यासारखी वाटत होती. जे तिला बोलता आलं नव्हतं, तेच मी उडवलं होतं.

आता ते अकरा सेकंद परत लावलेत. बासरी काढली. पुढच्या भागात ऐकालच. फक्त ॲपमध्ये शांतता गाळायची सेटिंग असेल तर ती बंद करा.

आणि हो, वायर हलवू नका. आजी तिथेच आहे.