भागीदारीत नियत फिरते तेव्हा

भिवंडीच्या कापड धंद्यातला एक साधा हिशेब आधी पाहू. व्यापारी सूत विकत घेतो, सायझिंगला पाठवतो, बीम तयार होऊन लूमवाल्याच्या कारखान्यात जातात. बाण्याचे सूत वेगळे दिले जाते. लूमवाला कापड विणून तागे परत करतो व त्याला पिकच्या हिशेबाने मजुरी मिळते. सूत एकाचे, लूम दुसऱ्याचे, आणि मधला कागद म्हणजे बहुतेक वेळा एक चलान.

आता समजा, इंचाला ५६ पिक ठरले आहेत, बाणा ४० नंबरचा आहे आणि लूमवरची रुंदी ५० इंच आहे. १०० मीटर कापडाला बाण्याचे सूत सुमारे ४ किलो १०० ग्रॅम लागते. लूमवाल्याने ५६ ऐवजी ५२ पिक मारले, तर १०० मीटरमागे जवळजवळ ३०० ग्रॅम सूत वाचते. १०,००० मीटरमागे ३० किलोच्या आसपास. कापड लवकर उतरते ते वेगळेच, आणि मजुरी मात्र ५६ पिकची घेतली जाते. नुसत्या नजरेला हा फरक दिसत नाही. माल डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रोसेसला जाऊन परत आला आणि गिऱ्हाईकाने कापड विरळ आहे म्हणून नाकारले की मग लूमवाला प्रोसेसवाल्याकडे बोट दाखवतो व प्रोसेसवाला लूमवाल्याकडे.

हे वाचून आपले लूमवाले बंधू रागावतील. त्यांचीही बाजू आहे आणि ती काही कमी कडू नाही. बाजारात मंदी आली, भाव पडला, की कालपर्यंत जे कापड पास होत होते त्यातच व्यापाऱ्याला आज डॅमेज दिसू लागते. मजुरीतून कपात होते, पैसे पुढच्या महिन्यावर जातात. लूमवाल्याने त्या क्वालिटीसाठी फणी बदललेली असते, इतर व्यापाऱ्यांची बीम परत केलेली असतात, आणि कारागिरांचा पगार तर थांबत नाही. दुसरे काम लगेच मिळत नाही हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच तो कपात करतो. मी स्वतः व्यापारी आहे. आमच्या लाइनमध्ये हे चालते, ते लपवण्यात अर्थ नाही.

उर्दूत याला मौकापरस्ती म्हणतात, मराठीत संधिसाधूपणा. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांनी सारा अभ्यास याच विषयावर केला व २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की, सगळेच लोक बेईमान नसतात, पण कोण कधी फिरेल हे आधी ओळखता येत नाही. आणि ज्या सौद्यात एकाचा पैसा असा अडकतो की तो दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, तिथे समोरच्याला मोका मिळतो. म्हणून माणसाची पारख जरूर करावी, पण आपला पैसा किती दिवस व कोणाच्या हातात अडकणार आहे, हे सौदा ठरण्यापूर्वीच पाहावे. माल गेल्यावर बोलण्याला वजन राहत नाही.

मोठ्या कंपन्या यावर मोठे उपाय करतात. जनरल मोटर्सने १९१९ साली मोटारीच्या बॉडीसाठी फिशर बॉडी या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला, दोघांत कुरबुरी झाल्या, आणि १९२६ साली जनरल मोटर्सने ती कंपनीच पूर्ण ताब्यात घेतली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण नेहमी येते, जरी रोनाल्ड कोस यांच्यासारख्या जाणकाराने कुरबुरीची ती कहाणी मान्य केली नाही. आपल्यापैकी काही व्यापाऱ्यांनीही त्रासून स्वतःचे लूम टाकले. पण मग भाडे, वीज, कारागीर, मंदीत बंद पडलेली मशीन, हे सगळे आपल्याच गळ्यात येते.

छोट्या व्यापाऱ्याला दुसरे उपाय परवडतात. सूत वजन करून द्यावे, तागे वजन करूनच घ्यावेत. पिक कमी मारले तर तागा वजनात मार खातोच. पीकग्लास खिशात असावा आणि तो लूमवाल्यासमोर लावावा, पाठीमागे नव्हे. नव्या माणसाला पहिल्यांदा दोनच बीम द्यावेत. लूमवाल्यानेही सगळे लूम एकाच व्यापाऱ्याच्या मालावर बसवू नयेत, आणि डॅमेज किती दिवसांत कळवायचे व कपातीचा दर काय, हे पहिल्या चलानवरच लिहून घ्यावे. चांगला दलाल मध्ये असणे हाही मोठा आधार आहे, कारण त्याला दोघांकडे पुन्हा जायचे असते. इजिप्तमध्ये कैरोला अकराव्या शतकातील ज्यू व्यापाऱ्यांची पत्रे सापडली आहेत. समुद्रापार माल पाठवणारे हे व्यापारी एकमेकांना खबर देत असत व दगा देणाऱ्या आडत्याला कोणी काम देत नसे, असे अभ्यासकांनी त्यावरून दाखवले आहे. अहमदाबादचे मस्कती कापड मार्केट महाजन व्यापाऱ्यांचे तंटे मिटवते, तेही याच बळावर.

हे झाले दोन धंद्यांमधले. एकाच फर्ममध्ये दोन भागीदार असले की गोष्ट जास्त नाजूक होते. १९९८ साली कल्याणमध्ये माझी भागीदारी होती. भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर झाले होते, परंतु फर्म रजिस्टर केली नव्हती. "भाईजान, आपसात कशाला?" असे माझा भागीदार म्हणाला, आणि मलाही रजिस्ट्रेशनचा आग्रह धरणे म्हणजे त्याच्यावर शक घेणे वाटले. वास्तविक उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व साक्षीदार घ्यावेत हा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. पुढे कळले की आपल्याच दुकानाची जुनी गिऱ्हाइके भागीदाराच्या मेहुण्याच्या नावाने उघडलेल्या दुसऱ्या फर्मकडे जात होती, आणि माल आमच्या उधारीवर उचलला जात होता.

भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे भागीदाराने फर्मच्या संबंधांतून स्वतःसाठी नफा काढला, तर तो फर्मला द्यावा लागतो. कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा व नक्कल घेण्याचा हक्क आहे. कलमे माझ्या बाजूची होती. पण कलम ६९ आडवे आले. रजिस्टर नसलेल्या फर्मचा भागीदार करारातून मिळालेल्या हक्कासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावू शकत नाही. मूळ कायद्यात फर्म मोडण्याचा व मोडलेल्या फर्मचा हिशेब मागण्याचा दावा यातून वगळलेला होता, परंतु महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून ती सवलतही बहुतेक फर्मांपुरती काढून घेतली. वकिलाने फाइल बंद करून माझ्या हातात दिली. बिरादरीच्या वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली, त्यात माझ्या हाती भांडवलाचा निम्मा हिस्साही आला नाही.

सुप्रीम कोर्टाने ही महाराष्ट्राची दुरुस्ती २००९ साली घटनाबाह्य ठरवली. तोवर माझी मुदत संपली होती, कारण मोडलेल्या फर्मचा हिशेब मागण्याला तीनच वर्षे असतात. आज रजिस्टर नसलेल्या फर्मच्या भागीदाराला फर्म मोडून हिशेब मागता येतो. मात्र फर्म चालू ठेवून हक्क मागता येत नाही, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकावर करारातील येणे वसूल करण्याचा दावा फर्मला लावता येत नाही. समोरचा मात्र तुमच्यावर लावू शकतो. रजिस्ट्रेशन सक्तीचे नाही म्हणून कित्येक जण ते टाळतात. त्यांनी हे एक वाक्य पुन्हा वाचावे.

भागीदारीपत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. चेकवर दोघांची सही, हिशेब दर तीन महिन्यांनी, जवळच्या नातेवाइकाच्या फर्मशी व्यवहार करायचा तर लेखी संमती, आणि वेगळे होताना गुडविल व मालाची किंमत कोण ठरवणार. निघून जाणाऱ्या भागीदाराने ठराविक मुदत व ठराविक भागात तसाच धंदा करू नये, असेही कायद्याने लिहून घेता येते, अट वाजवी असली पाहिजे एवढेच.

आणि वेगळे झालात तर जाहीर नोटीस द्या. रजिस्टर फर्म असेल तर रजिस्ट्रारला कळवणे, राजपत्रात छापणे व जिल्ह्यात चालणाऱ्या स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात देणे, हा रिवाज नसून कायदा आहे. नोटीस दिली नाही तर तुम्ही निघून गेल्यानंतर जुन्या भागीदाराने फर्मच्या नावाने उचललेल्या सुताचे पैसे सूतवाला तुमच्याकडेही मागू शकतो. त्याच दिवशी बँकेला पत्र देऊन सहीचा अधिकार रद्द करावा, उरलेली चेकबुके परत करावीत आणि पोच जपून ठेवावी.